जोडणी माझ्या नावावर आहे

चतुर्थीला चार दिवस उरले होते. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छतासाठी, आणलेली तोरिंगे, चिबूड आणि सुपारीचे घड ओसरीवर पसरलेले होते आणि त्यांतूनच जागा करून मी चहा घेत बसले होते, तेव्हा आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या स्थानिक कंपनीचा ई-मेल आला. एका ध्वनिमुद्रण कंपनीच्या प्रतिनिधीने पाठवलेली कॉपीराइट उल्लंघनाची तक्रार त्यांनी जशीच्या तशी माझ्याकडे धाडली होती, आणि चोवीस तासांत प्रकार न थांबल्यास जोडणी बंद करण्यात येईल, असे खाली दोन ओळींत कळवले होते. मी पंचवीस वर्षे गोव्यात, फोंड्यात वकिली करते. कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), वाटण्या आणि इन्व्हेंटरी, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी, हीच माझी रोजीरोटी असल्यामुळे दुसऱ्यांच्या नोटिसा वाचून त्यांना धीर देण्याची मला सवय आहे. स्वतःच्या नावची नोटीस मात्र मी दोनदा वाचली आणि तेवढ्यात चहा निवून गेला.

तक्रारीत फारसे वर्णन नव्हते. एका टॉरंटचे, म्हणजे लोक इंटरनेटवर एकमेकांत वाटून घेतात अशा फाइलसंचाचे नाव, त्याची ओळख पटवणारी चाळीस अक्षरांची खूण, आमच्या घराचा आयपी पत्ता, म्हणजे आमच्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक, पोर्ट क्रमांक, तारीख आणि ०२:१४ ही वेळ, एवढाच मजकूर होता. पहाटे सव्वादोनला आमच्या घरात फक्त भिंतीवरची पाल जागी असते. त्यामुळे माझा पहिला संशय शेजाऱ्यांवर गेला, कारण आमच्या वाय-फायचा पासवर्ड राउटर बसवला त्या दिवशी डब्याच्या तळाशी छापलेला होता तोच आजतागायत चालू होता आणि तो वाड्यावरच्या निम्म्या पोरांना तोंडपाठ होता. मग वेळेपुढची ‘यूटीसी’ ही तीन अक्षरे दिसली. ही जागतिक प्रमाणवेळ. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. म्हणजे सकाळचे ७:४४. त्या वेळी आमचे चिरंजीव, वय वर्षे सतरा, इयत्ता बारावी, एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात माऊस घेऊन संगणकासमोर बसलेले असतात.

विचारल्यावर त्याने लगेच कबूल केले. खोटे बोलायची त्याला अजून नीट सवय नाही. माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत, त्यांचे माहेर मंगेशीजवळचे, त्यामुळे मास्टर दीनानाथ आणि अभिषेकीबुवा ही त्यांच्या लेखी घरचीच माणसे. चतुर्थीच्या पाच दिवसांत जुनी नाट्यपदे सलग ऐकायला मिळावीत, अशी त्यांची इच्छा होती, आणि नातवाने ४१२ पदांचा एक आयता संग्रह टॉरंटवरून उतरवून दिला होता. “आई, मी काहीच विकले नाही, फक्त डाऊनलोड केले,” असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी त्याला तो प्रोग्राम उघडायला सांगितले. उतरवलेला मजकूर ३.१ जीबी, पुढे पाठवलेला मजकूर ११.६ जीबी, असे आकडे तिथे स्वच्छ दिसत होते. आजीसाठी आणलेला संग्रह आम्ही नकळत जवळजवळ चार वेळा जगाला वाटला होता, आणि रात्रभर कपाटावर लुकलुकणारा राउटरचा हिरवा दिवा त्याचीच साक्ष देत होता.

हा आकडा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. एखाद्या संकेतस्थळावरून फाइल उतरवणे आणि टॉरंटवरून उतरवणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. टॉरंटमध्ये फाइलचे लहान लहान तुकडे केलेले असतात. ते वेगवेगळ्या लोकांच्या संगणकांवरून तुमच्याकडे येतात, आणि हाती आलेला प्रत्येक तुकडा तुमचा संगणक त्याच वेळी इतरांना द्यायला सुरुवात करतो. ती व्यवस्था मुद्दाम बंद केली नाही, तर फाइल पूर्ण झाल्यावरही वाटप चालूच राहते. घेणारा आणि वाटणारा असे दोन पक्ष तिथे वेगळे काढताच येत नाहीत.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, ज्याला सरकारी मराठीत प्रताधिकार अधिनियम म्हणतात, कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या न्याय्य वापराला सूट आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती संगणक प्रोग्राम वगळता सर्व प्रकारच्या कृतींना, म्हणजे गाणे, पुस्तक, चित्रपट अशा निर्मितींना, लागू होते. आजीने घरात बसून गाणे ऐकणे या सुटीत सहज बसेल. अनधिकृत ठिकाणाहून त्याची प्रत उतरवून घेणे ‘न्याय्य’ ठरेल, या भरवशावर मात्र मी माझ्या कुठल्याही पक्षकाराला बसू देणार नाही. आणि वाटपाचा प्रश्न आला की ही सूट पूर्णच संपते, कारण ‘जनतेपर्यंत पोहोचवणे’ याची कायद्यातली व्याख्या अशी आहे की कृती लोकांना उपलब्ध करून दिली म्हणजे पुरे. ती प्रत्यक्षात कोणी ऐकली की नाही हे पाहिले जात नाही. त्यामुळे “माझ्याकडून कोणी घेतले हे सिद्ध करा” हा बचाव इथे फारसा उपयोगी नाही.

पाहणे आणि वाटणे यांतला हा फरक मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली नेमका दाखवला होता. त्या वर्षी बंद केलेली संकेतस्थळे उघडली की, इथला मजकूर पाहणे किंवा उतरवणे हासुद्धा तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे, अशी सूचना पडद्यावर येऊ लागली आणि देशभर घबराट उडाली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केले की नुसते पाहणे हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही. परवानगीवाचून हक्कदाराला अपाय होईल असे वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे किंवा विक्री-भाड्याने देणे हा गुन्हा आहे. माझ्या मुलाला मी हे वाचून दाखवले तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग त्याला ते ११.६ जीबी आठवले.

आता प्रश्न माझा. जोडणी माझ्या नावावर, बिल माझ्या खात्यातून जाते, स्थिर, म्हणजे कधी न बदलणारा, आयपी पत्ताही माझ्या कार्यालयाच्या कामासाठी मीच मागून घेतलेला. म्हणून मी दोषी ठरते का? आपल्या कायद्याचे उत्तर जाणिवेवर उभे आहे. कलम ६३ म्हणते की जो जाणूनबुजून उल्लंघन करतो किंवा त्याला अपप्रेरणा, म्हणजे चिथावणी वा मदत, देतो, त्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद, तसेच ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. उल्लंघन धंद्यातल्या फायद्यासाठी केलेले नसेल, तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय याहून कमी शिक्षा देऊ शकते. घरगुती प्रकरणांत खरा दिलासा याच परंतुकाचा, म्हणजे अपवादाचा. मात्र २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे ठरवले, त्यामुळे ‘किरकोळ आहे, दंड भरू’ या वृत्तीने त्याकडे पाहता येत नाही.

दिवाणी बाजूला कलम ५१ मध्ये जागा वापरू देणाऱ्याचीही जबाबदारी आहे, पण ती ‘फायद्यासाठी’ जागा वापरू दिली असेल तेव्हा, आणि तिथेही ज्याला उल्लंघनाची कल्पना नव्हती व तशी शंका येण्याचे वाजवी कारणही नव्हते, तो सुटतो. घरातल्या मुलाला वाय-फाय देऊन कोणती आई फायदा कमावते, हे मला ठाऊक नाही. थोडक्यात, तो ई-मेल येण्यापूर्वी मी निव्वळ एक ग्राहक होते. तो वाचल्याच्या क्षणापासून मला जाणीव होती, आणि त्यानंतर एक दिवस जरी तो दिवा तसाच लुकलुकत राहू दिला असता, तर ‘अपप्रेरणा’ या शब्दाचा अर्थ मला न्यायाधीशांसमोर उभे राहून शिकावा लागला असता. म्हणून अशा नोटिशीला केराची टोपली दाखवू नये. नोटिशीने गुन्हा सिद्ध होत नाही, पण नंतर अज्ञान सांगता येत नाही.

मुलाची गोष्ट वेगळी आहे. तो अठराच्या आत असल्यामुळे फौजदारी कारवाई झालीच, तर ती बाल न्याय मंडळापुढे होईल, आणि तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे तिथे सौम्य गटात मोडतात. दिवाणी दावा त्याच्यावर पालकामार्फत लागू शकतो, पण अल्पवयीनाच्या कृत्याची भरपाई केवळ आईबाप आहेत म्हणून आईबापांवर पडत नाही. त्यांचा स्वतःचा हलगर्जीपणा किंवा संमती दाखवावी लागते. आणखी एक गोष्ट मला त्या संध्याकाळी प्रथमच अंगाला भिडली. पती-पत्नीमधील खासगी संभाषणाला आपल्या पुरावा कायद्यात संरक्षण आहे. आई आणि मुलाच्या संभाषणाला ते नाही. ओसरीवर त्याने मला जे सांगितले, ते उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात माझ्याकडून काढून घेता आले असते.

जर्मनीत हा प्रश्न वरच्या न्यायालयापर्यंत इतक्या वेळा गेला आहे की तिथले निकाल ओळीने वाचताना एखाद्या एकत्र कुटुंबाची कथा वाचत असल्यासारखे वाटते. २०१० साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे जो गृहस्थ होता, तो गाणे वाटले गेले तेव्हा सुट्टीवर गेलेला होता. राउटर मात्र कारखान्यातून आला तशाच पासवर्डावर चालू होता. न्यायालयाने त्याला नुकसानभरपाईतून मुक्त केले, पण जोडणी सुरक्षित न ठेवल्याबद्दल मनाई हुकूम आणि नोटिशीचा खर्च त्याच्या माथी मारला. २०१२ साली तेरा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना सोडण्यात आले, कारण असे वाटप करायचे नाही हे त्यांनी त्याला आधी बजावले होते. रोज त्याच्या संगणकाची झडती घेणे हे त्यांचे कर्तव्य नव्हे, असे न्यायालय म्हणाले. २०१४ साली सज्ञान सावत्र मुलाच्या कृत्याबद्दल जोडणीच्या मालकाला, संशयाचे कारण नसताना, जबाबदार धरण्यास नकार मिळाला. आणि २०१७ साली तीन मुलांच्या आईवडिलांचा खटला आला. कोणत्या अपत्याने गाणी वाटली हे त्यांना ठाऊक होते, पण नाव सांगायला ते तयार नव्हते. न्यायालयाने सांगितले की नाव न सांगण्याचा तुमचा निर्णय आम्ही समजू शकतो, मात्र मग पैसे तुम्ही भरा.

हा शेवटचा निकाल मी रात्री जेवणानंतर वाचला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आपल्याकडे जोडणीच्या मालकावर असा खुलाशाचा भार टाकणारा नियम नाही, हे खरे. पण पासवर्डाबाबतचा २०१० चा निकाल वाचून मी त्याच रात्री पासवर्ड बदलला. बदलण्यापूर्वी राउटरवर जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली: चौदा होती. त्यांतली नऊ मला ओळखता आली.

अमेरिकेतील आकडे लोकांना जास्त ठाऊक असतात. तिथे अवघ्या २४ गाण्यांच्या वाटपाबद्दल एका महिलेवर लावलेली २,२२,००० डॉलरची भरपाई २०१२ साली अपिलात कायम झाली. तिथल्या कायद्यात प्रत्येक कृतीमागे ठरावीक भरपाईची तरतूद आहे, म्हणून ती रक्कम एवढी फुगली. आपल्याकडे तसे दरपत्रक नाही. वादीला आपले नुकसान दाखवावे लागते. त्यामुळे तिकडचे आकडे सांगून इकडे कोणी घाबरवत असेल, तर त्याला कायद्याचे कलम विचारावे.

पुराव्याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण मुलाने इथे घोळ घातला होता. मी आतल्या खोलीतून चष्मा घेऊन येईपर्यंत त्याने घाबरून संग्रह, प्रोग्राम, त्याच्या नोंदी, सगळे पुसायला घेतले होते. वाटप तत्काळ थांबवणे आवश्यकच असते. पण तक्रार हाती आल्यावर नोंदी नष्ट करणे हे निष्पाप माणसाचे लक्षण म्हणून कोणी वाचत नाही, आणि त्याच नोंदींत कधी कधी आपला बचावही असतो. मी त्याला थांबवले, पडद्याचे फोटो घेतले आणि मग वाटप बंद करायला लावले.

आयपी पत्ता हा घराचा पत्ता आहे, माणसाचा नव्हे. केवळ जोडणी नावावर असल्याने ग्राहकाला उल्लंघनकर्ता मानता येणार नाही, असे अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१८ साली म्हटले आहे. तिथे जोडणी एका देखभालगृहाच्या चालकाच्या नावावर होती आणि ती वापरणारे अनेक जण होते. आपल्याकडे तर बहुतेक ग्राहकांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. एकाच पत्त्याआड कित्येक घरे असतात आणि त्यांतले नेमके घर शोधायला पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार पुरवठादारांना नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्या न्यायालयात आणायच्या तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे आपल्या पुरावा कायद्याच्या, कलम ६३ खालील प्रमाणपत्र हवे. कॉपीराइटचा गुन्हाही कलम ६३ आणि हे प्रमाणपत्रही कलम ६३, हा योगायोग लक्षात ठेवायला सोपा आहे. त्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली त्याची खूण, लिहावे लागते, आणि टॉरंटची ती चाळीस अक्षरी खूण हादेखील एक हॅशच असतो. यूटीसी आणि आपली वेळ यांत साडेपाच तासांची गल्लत झाली, तर मात्र नोटीस तिसऱ्याच घरी जाईल.

हे सगळे समजल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारले, “आमच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, वाय-फायही देतो. मग आमचे काय?” प्रश्न रास्त होता. तिथे जागेतून फायदा आहे, म्हणून कलम ५१ जवळ येते. पण पाहुणा रात्री काय उतरवतो याची कल्पना नसताना ते लागू होत नाही. मी त्यांना पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क, दर मुक्कामाला नवा पासवर्ड आणि नोंदवहीत एका ओळीची सूचना एवढे सुचवले. आपल्याकडे कॉपीराइट म्हटले की लोकांना लग्नातला डीजेच आठवतो. लग्नसमारंभातल्या गाण्यांना परवानगी लागत नाही, असे सांगणारे राज्य सरकारचे परिपत्रक २०२४ साली उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द ठरवले, तेव्हापासून हॉटेलवाले सावध झाले आहेत. घरातल्या राउटरकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले नाही.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. “म्हणजे आता दीनानाथांचे पद ऐकायलाही वकील लागणार का गो?” असे त्यांनी विचारले, आणि मी नाही म्हणाले. मग रविवारी दुपारी आम्ही दोघींनी त्या ४१२ पदांची चक्क इन्व्हेंटरी काढली, जशी मी मयताच्या मालमत्तेची काढते तशी. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९६० साली निघालेली तबकडी २०२० अखेर मोकळी झाली. दीनानाथ १९४२ साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवर आता कोणा कंपनीचा ध्वनिमुद्रणाचा हक्क उरलेला नाही. पण गाण्यात तबकडीखेरीज चाल आणि शब्दही असतात, आणि त्यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. अभिषेकीबुवा १९९८ साली गेले, म्हणजे त्यांनी बांधलेली चाल २०५८ अखेरपर्यंत बांधलेलीच राहणार, मग तिची तबकडी कितीही जुनी असो. वारस किती आणि कोणाचा हिस्सा कुठे, याचा गुंता मला नवा नव्हता. तिन्ही रकाने मोकळे असलेली पदे निघाली ५७. उरलेल्यांपैकी जी सापडली ती मासिक वर्गणीच्या ॲपवर लावून दिली. सुमारे तीस कुठेच मिळेनात, आणि त्यांबद्दल सासूबाई अजून माझ्यावर थोड्या रुसलेल्या आहेत. त्यांचे म्हणणे असे की जी वस्तू मालक विकतही नाही आणि ऐकवतही नाही, ती चोरली असे कसे म्हणायचे. कायद्यात याला उत्तर आहे, पण चुलीजवळ बसून ते द्यावेसे मला वाटले नाही.

कंपनीला मी तीन वाक्यांचे उत्तर पाठवले: तक्रार मिळाली, संबंधित फाइलचे वाटप आमच्या जोडणीवरून आता होत नाही, जोडणीचा पासवर्ड बदलला आहे. कोणी केले, का केले, याबद्दल एक अक्षर लिहिले नाही. विचारलेल्यापेक्षा जास्त सांगू नये, हे मी पक्षकारांना गेली पंचवीस वर्षे सांगत आले आहे. दुसऱ्या दिवशी ‘तक्रार बंद’ असा संदेश आला. हा संदेश पुरवठादाराचा आहे, हक्कदाराचा नव्हे. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची आणि या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदतही तीन वर्षांचीच असल्यामुळे, तो ई-मेल, पडद्याचे फोटो आणि माझे उत्तर एका फाइलीत घालून मी ती कार्यालयातल्या कपाटात इतर इन्व्हेंटरींच्या शेजारी लावून ठेवली आहे. पुठ्ठ्यावर लाल पेन्सिलीने तीन वर्षांनंतरची तारीख लिहिली आहे. पक्षकाराच्या नावाची जागा मुलाने वाचली आणि विचारले, “आई, इथे तुझे नाव का?” जोडणी माझ्या नावावर आहे, मी म्हणाले.